एक वाजून बावीस मिनिटांची ओल

गळती शोधणं हा माझा धंदा आहे. पाणीखात्यात अठरा वर्षं मी तेच करतोय. रस्त्याखाली पाइप फुटलाय हे बाकीच्यांना रस्ता खचल्यावर कळतं, मला त्याच्या आधी कळतं. त्यासाठी माझ्याकडे एक लांब लोखंडी काठी आहे. तिचं टोक पाइपावर टेकवायचं, वरचा लाकडी गोळा कानाला लावायचा आणि गप्प उभं राहायचं. गळत असेल तर आतून बारीक सूं सूं येतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, हा माणूस भर रस्त्यात काठीवर डोकं टेकून झोपलाय. वाटू दे. आजवर हजारभर गळत्या मी बंद करवल्या असतील आणि त्यातल्या एकीबद्दलही मला कधी प्रेम वाटलेलं नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या मंगळवारी मी आयुष्यात पहिल्यांदा एका गळतीची चातकासारखी वाट बघत बसलो होतो.

आमची डबी आठ महिन्यांची आहे. खरं नाव जन्माच्या दाखल्यावर आहे, पण घरात तिला डबी म्हणतात, कारण ती गोल आहे आणि आत काय चाललंय याचा पत्ता लागू देत नाही. सोमवारी संध्याकाळपासून तिचं पोट बिघडलं. मंगळवार उजाडेपर्यंत सहा जुलाब आणि तीन उलट्या झाल्या. सकाळी सातला एकदा शू झाली, ती शेवटची. एरवी ही मुलगी हात लावेल तिथे धुडगूस घालते, पण आता पिळून टाकलेल्या फडक्यासारखी पडून होती. रडायचेसुद्धा कष्ट घेत नव्हती.

नऊ वाजता गल्लीतल्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांनी डबीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ पाहिली, टाळूवरून बोट फिरवलं.

"पोटाचा विषाणू आहे. येतो तसा जातो, त्याला औषध नाही," त्या म्हणाल्या. "अंगातलं पाणी टिकवायचं, एवढंच आपल्या हातात. पाकिटातली पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला आणि दर दोन मिनिटांनी एक चमचा द्या. ओकली तर दहा मिनिटं थांबा, की पुन्हा सुरू. दूध तोडू नका."

"आणि?"

"आणि शूवर लक्ष ठेवा. सातला झालीय. तीनपर्यंत झाली नाही, तर मला फोन करत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या. सलाईन लावायला लागेल. मधेच जास्त मलूल वाटली, तर तीनचीही वाट बघू नका."

सलाईन म्हणजे सुई. डबीच्या मनगटाला दोन वळ्या आहेत. तिथे शीर कुठून जाते हे मला काठी लावूनही सापडलं नसतं.

माझी बायको पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते. बारा वर्षांत तिचा हात असा बसलाय की पार्सल उचललं की ती वजन सांगते, आणि काटा नंतर मान डोलावतो. त्या दिवशी खिडकीवर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून अर्धा दिवस तरी तिला जाणं भाग होतं. जाण्याआधी तिने एक कोरा डायपर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला आणि त्यावर मार्करने लिहिलं: चौतीस ग्रॅम. हाताच्या सवयीने खाली 'नाजूक' असंही लिहिलं.

"अहो, दर अर्ध्या तासाने हा काढायचा, वजन करायचं आणि मला फोन करायचा," ती चपला घालता घालता म्हणाली. "चौतीसच्या वर जे जाईल ते तिचं."

तिने डबीला एकदा उचललं आणि हातावर तोललं. तिचा चेहरा उतरला. "रविवारपासून चारशे ग्रॅम गेलेत," असं म्हणून तिने मुलीला माझ्या हातात दिलं आणि मागे न बघता जिना उतरली.

दहाला मी पहिलं वजन केलं. एकशे बारा! मी आनंदाने फोन लावला.

"आत काय आहे ते बघितलंत का?" बायकोने विचारलं.

मी बघितलं. जे होतं ते शू नव्हतं.

"मग ते वजा करा."

"कसं वजा करू? चमच्याने?"

पलीकडे पोस्टाची अख्खी रांग कान देऊन ऐकत असावी. मागून एक जाडसर आवाज आला, "बाई, त्यांना म्हणावं, आमच्या वेळी कापड असायचं. झाली की झाली, तिथल्या तिथे कळायचं." रांगेत त्यावर एकमत झालेलं मला फोनमधून ऐकू आलं.

घरात सासूबाई होत्या. जावयाला एकट्याला हे जमणार नाही अशी पूर्ण खात्री असल्यामुळे त्या सकाळीच येऊन दाखल झाल्या होत्या. त्यांनीही रांगेच्या बाजूने कौल दिला. "हे डायपर म्हणजे सगळं गिळून वर साळसूद चेहरा करणारी जात, जावईबापू. काढा तो." मग आम्ही बाहेरच्या खोलीत फरशीवर मेणकापड टाकलं, त्यावर जुनी सुती चादर आणि चादरीवर डबी, उघडीबंब. डोक्यापासून भिंतीपर्यंत हातभर जागा, पायापासून दारापर्यंत दोन हात. एका बाजूला मी चमचा घेऊन बसलो, दुसऱ्या बाजूला सासूबाई बसल्या.

सासूबाईंची स्वतःची एक पद्धत होती. त्या डबीच्या कानाशी वाकून "श्शूऽऽऽ" असा आवाज काढायच्या. दहापासून साडेबारापर्यंत त्या न थांबता तो आवाज काढत होत्या. डबीवर शष्प परिणाम झाला नाही. मी मात्र चारदा जाऊन आलो.

"तुम्ही कशाला उठता सारखे?" त्या वैतागून म्हणाल्या.

"आई, तुम्ही थांबलात तर मीही थांबेन."

बायकोचा फोन दर अर्ध्या तासाने यायचा. पहिल्या फोनला मी डबीला फरशीवर, भिंतीकडे डोकं करून निजवल्याचं सांगितलं. त्यानंतर "झाली?" "नाही." एवढंच बोलणं. साडेबाराच्या फोनला मी नाही म्हटल्यावर मागून अख्ख्या रांगेचा "अरेरे" ऐकू आला.

आता आमच्या छताबद्दल सांगायला हवं. आम्ही जिथे डबीला निजवलं होतं, त्याच्या बरोब्बर वर छताला ओलीचा एक पिवळा डाग आहे. तीन वर्षं झाली. सगळ्या शहराच्या गळत्या शोधणाऱ्याच्या घरात डाग, म्हणजे दिव्याखाली अंधार, आणि हे मला खात्यातला शिपाईसुद्धा ऐकवतो. आमच्यावर घड्याळजी काका राहतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता घरात बावीस घड्याळं लावून एकटे बसलेले असतात. त्यांची न्हाणी आमच्या बाहेरच्या खोलीवर येते. तीन वर्षं मी त्यांना सांगतोय की तुमची न्हाणी गळते, आणि तीन वर्षं ते मला सांगताहेत की माझ्या घरात एक सेकंद गळत नाही, तर पाणी कुठून गळणार. त्या डागाला मी भिंगातूनसुद्धा पाहिलंय, पण थेंब पडताना कधी सापडला नाही. एखादा शत्रू तीन वर्षं डोक्यावर बसावा आणि हाती लागू नये, तसं ते आहे.

तर एकच्या सुमाराला पावडरीचं पाणी संपलं. मी नवं करायला आत गेलो. सासूबाई दूध कोमट करायला माझ्या आधीच आत आल्या होत्या. दोघांनाही वाटलं, दुसरं माणूस बाहेर आहे. स्वयंपाकघरात एकमेकांना बघून आम्ही दचकलो आणि दोघेही बाहेर पळालो. फार तर चार मिनिटं गेली असतील.

डबी चादरीवर आडवी पडली होती आणि छताकडे बघत होती. आणि चादरीपासून वीतभर लांब, उघड्या फरशीवर, थाळीएवढी ओल होती.

इतर कुठल्याही बापाने काय केलं असतं ते मला माहीत आहे. पण अठरा वर्षं असतात ती अशी जात नाहीत. ओल दिसली आणि माझी मान आपोआप वर छताकडे गेली.

"सापडला!" मी ओरडलो.

"कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"काका!"

ओल दिसली की आमच्या खात्यात तीन गोष्टी करतात. खडूने कडा आखायची, शेजारी वेळ लिहायची आणि पुरवठा तोडायचा. मी कामाच्या पिशवीतून खडू काढला, ओलीभोवती गोल मारला आणि लिहिलं: १.२२. बोट लावून पाहिलं तर पाणी कोमट. म्हणजे गीझरचं! काका आंघोळीला बसलेत, आता कुठे पळतील? मी सासूबाईंच्या हातात चमचा दिला, खाली धावत गेलो आणि जिन्याखालचा इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह फिरवून घट्ट बंद केला. मग काठी घेऊन तिसऱ्या मजल्यावर काकांच्या दारात हजर झालो.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. काका कमरेला पंचा लावून उभे होते आणि पंच्याच्या वरचं सगळं साबणाच्या फेसात होतं. एक डोळा मिटलेला होता.

"काका, तुमची न्हाणी गळतेय. आज मी पुरावा घेऊन आलोय."

"गळेल कशी? पाणीच गेलंय!"

"मीच बंद केलंय."

काकांनी दुसराही डोळा मिटला. "माझ्या डोळ्यात साबण आहे," ते अगदी सावकाश म्हणाले, "आणि तू मला गळती सांगतोस?"

मी त्यांना बाजूला सारून न्हाणीत शिरलो आणि काठी भिंतीला लावली. कानात बावीस घड्याळांची टिकटिक आली. दुसरं काही नाही. जमिनीला लावली, टिकटिक. गीझरच्या पाइपाला लावली, तिथेही टिकटिक. काका फेसासकट मागे उभे राहून वेळ सांगत होते: एक सेहेचाळीस, एक बावन्न, दोन वाजले. मधेच मला डबीची आठवण व्हायची आणि मी खाली पळून विचारायचो, "झाली?" सासूबाई मान हलवायच्या. मग मी रागाने पुन्हा वर. राग असला की भीती कमी वाटते, हे मला त्या दिवशी कळलं.

एव्हाना पाणी गेल्याची बातमी पाच मजल्यांवर पसरली होती. लोक बादल्या घेऊन जिन्यात येऊन बसले होते. कुणाच्या डोक्याला रंग लावलेला, कुणाचे कपडे मशीनमध्ये अडकलेले. पाणी का गेलं म्हणून जो तो विचारत होता आणि सासूबाई दारातून प्रत्येकाला सांगत होत्या, "पोरीची शू झाली नाही म्हणून." यातून कुणाला काय कळलं देव जाणे, पण तक्रार कुणी केली नाही.

अडीचला बायको आली. बादल्यांमधून वाट काढत ती घरात शिरली आणि तिने आधी डबीला उचललं. मागोमाग मी आलो आणि माझ्यामागे काका, अंगावरचा फेस वाळून पांढरे झालेले.

"तीस ग्रॅम चढलेत," बायको म्हणाली. "पण शू नाही?"

"नाही. मी गाडी सांगितलीय, खाली येईल इतक्यात."

तिने खोलीभर नजर फिरवली. मेणकापड, चादर, खडूचा गोल. "मी आले तेव्हा ही आडवी होती. फोनवर तर तुम्ही डोकं भिंतीकडे सांगितलं होतं. मग हिला आडवं कुणी केलं?"

"आईंनी," मी म्हणालो.

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, जावईबापूंनी."

काकांच्या हनुवटीवरून फेसाचा एक पापुद्रा खाली पडला.

"म्हणजे ही आपली आपण वळलीय," बायको म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "चादरीवरून उतरली, तिकडे गेली आणि परत आली. अहो, ही ओल डबीची आहे!"

"नाही," मी म्हणालो. "ही काकांची आहे."

"माझी?" काका किंचाळले.

"तुमच्या न्हाणीची. पाणी कोमट होतं. गीझरचं होतं."

"अहो, डबी काय फ्रीजमधून आलीय?" बायको म्हणाली. "वास घेतलात?"

"आम्ही वास घेत नाही. आम्ही ऐकतो."

सासूबाई गुडघ्यांवर बसून फरशीशी वाकल्या, पण त्यांना सर्दी होती. काकांच्या नाकात साबण होता. बायकोने वाकून वास घेतला आणि छातीठोक सांगितलं, आहे. मी म्हटलं, बघा, पुरवठा तोडल्यावर ओल निम्म्याने कमी झालीय, म्हणजे पाइपाचीच. बायको म्हणाली, ती वाळलीय, दीड तास झाला. मी म्हटलं, अठरा वर्षं मी हेच काम करतोय.

आणि असं बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की माझ्या मुलीची शू झालेली नाही हे सिद्ध करायला मी जिवाचं रान करतोय.

मी खाली बसलो. "मला ती डबीचीच हवी आहे गं," मी म्हणालो. "सकाळपासून दुसरं काही मागितलं नाही मी. पण एकदा मी असाच खात्रीने बोट दाखवून अख्खा रस्ता खणायला लावला होता. खाली पाइप ठणठणीत होता. वर फुलवालीने बादली ओतली होती. इथे आपण खूश होऊन घरी बसलो आणि ती ओल हिची नसली, तर?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. वजन करताना बघते तशी. मग म्हणाली, "बरं. तुमच्या पद्धतीने करा. जा, पाणी सोडा. ओल वाढली तर काकांची, नाही वाढली तर डबीची. तीनला अजून सोळा मिनिटं आहेत."

"चौदा," काका म्हणाले. "तुमचं भिंतीवरचं दोन मिनिटं मागे आहे. कधीपासून सांगायचं होतं."

तीन वर्षांत काकांचं मला पटलेलं हे पहिलं वाक्य. मी काठी घेऊन खाली धावलो. फाटकाशी गाडी येऊन उभी होती, ड्रायव्हरला म्हटलं थांबा. जिन्याखाली शिरलो आणि व्हॉल्व्ह उघडला.

पाणी गेलं की माणूस काय करतो? नळ उघडून बघतो, आणि तसाच विसरतो. पाच मजल्यांवरचे सगळे नळ उघडे होते. सगळे शॉवर, सगळी बेसिनं, बादल्यांवरचे, मोऱ्यांमधले. ते एकदम सुटले. सवयीने मी काठी पाइपाला लावली आणि कानात असा धबधबा कोसळला की मी मागे सरकलो. अख्खी इमारत "श्शूऽऽऽ" करत होती. सासूबाईंना जे अडीच तासांत जमलं नव्हतं, ते दहा सेकंदांत चाललं होतं.

मग वरून कुणीतरी ओरडलं. काय ते कळलं नाही. दुसऱ्या मजल्यावरून, म्हणजे आमच्या दारातून, आवाज पहिल्या मजल्यावर आला, तिथून डोक्याला रंग लावलेल्या बाईंनी तो खाली टाकला.

"झालीऽऽ!"

"काय झाली?" खालच्या पायरीवरचे बादलीवाले गृहस्थ ओरडले.

"शूऽऽ!"

त्या गृहस्थांनी बादली खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. ते मला ओळखतसुद्धा नव्हते. मी पायरीवर बसलो आणि काठीला डोकं टेकून रडलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, हा माणूस झोपलाय.

वर गेलो तर काका खोलीच्या मधोमध डबीला धरून उभे होते. ओलीवर डोळे लावून बसता यावं म्हणून बायकोने मुलगी त्यांच्या हातात दिली होती. छातीपासून पंच्यापर्यंत त्यांचा वाळलेला फेस धुऊन निघाला होता.

"दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं, वीस सेकंद," ते म्हणाले. दोन्ही डोळे आता सताड उघडे होते. "आणि चांगली भरपूर."

खडूच्या गोलातली ओल तसूभरही वाढली नव्हती.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, रडते का, डोळ्यांत पाणी येतं का. मी विचारलं, कुणाच्या? त्या म्हणाल्या, मुलीच्या. डबीने तेवढ्यात काकांच्या छातीवरचे केस ओढले, ते निसटले म्हणून भोकाड पसरलं, आणि तिच्या गालांवरून खरंखुरं पाणी ओघळलं.

"छान. मग दवाखाना नको. चमचा चालू ठेवा, मी सहाला बघून जाते," त्या म्हणाल्या. "दोन अठ्ठेचाळीसच्या आधी एकदा झाली होती म्हणता, ती साधारण कधी?"

"साधारण नाही. एक वाजून बावीस मिनिटांनी."

"इतकं अचूक?"

"फरशीवर लिहून ठेवलंय." काका मागून म्हणाले, चोवीस. मी दुरुस्ती कळवली.

गाडी परत पाठवली. सगळ्या मजल्यांवर जाऊन मी नळ बंद करायला सांगितले आणि माफी मागितली. काकांची माफी मागायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते आंघोळ उरकून, कपडे करून पुन्हा खाली आले होते आणि डबीला दर दोन मिनिटांनी चमचा देत होते, सेकंदकाट्यावर. मी तोंड उघडलं तर म्हणाले, "बोलू नकोस, चार सेकंद राहिलेत."

संध्याकाळी मी कामाची वही काढली. पुरवठा तोडला की कारण लिहावंच लागतं, मग तो स्वतःच्या घरचा का असेना. ठिकाण लिहिलं, वेळ लिहिली, पाण्याचा प्रकार कोमट असं लिहिलं. साक्षीदार म्हणून काकांनी सही केली. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. तिथे मी अठरा वर्षं एकच वाक्य लिहीत आलोय: गळती आढळली, तातडीने बंद करावी.

डबी चादरीवर पालथी पडून खडूचा गोल चाटायला निघाली होती. बायकोने तिला पायाला धरून मागे ओढलं.

मी लिहिलं: गळती आढळली. चालू ठेवावी.